रिकामी घागर आणि दोन जीबीचा फोन

फोन हळू चालायला लागला की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला, "क्लीनर टाक." दुसरा, "नवीन घे." पहिला फुकटात मिळतो म्हणून सगळे आधी तोच ऐकतात, आणि सहा महिन्यांनी दुसऱ्यापाशी येऊन थांबतात.

हे काही लिहिण्याजोगं आहे असं पुण्यात बसून वाटत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात आठ-बारा जीबी रॅमचे फोन असतात आणि दोन-तीन वर्षांनी ते बदलायचे हेही ठरलेलंच असतं. पण ऑगस्टमधल्या एका वीकएंडला रेणापूरला होतो. तिथे दोन जीबीच्या फोनशी दीड दिवस झटापट केली आणि बरंच काही डोक्यात आलं. तर या शनिवारचा विषय: मेमरी.

रेणापूर माहीत नसणाऱ्यांसाठी: लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागायचं आणि अर्ध्या तासाने पिंपळफाट्याला उतरायचं. रेणुकादेवीचं देऊळ, रेणा नदी, आणि खरिपात नजर जाईल तिकडे सोयाबीन. आमचे चुलते, म्हणजे तात्या, तिथे शेती करतात. त्यांचा फोन चार-पाच वर्षांपूर्वीचा. दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी स्टोरेज.

"बघ की रे जरा," तात्या म्हणाले, "मेमरी फुल्ल म्हणतंय. काहीच उघडंना गेलंय. दुकानातला पोरगा म्हणला, नवाच घ्या."

"तो फोन विकतोच, तात्या. दुसरं काय सांगणार?"

"मग तू सांग. कंप्युटरचा इंजिनेर हैस की."

आता आली का पंचाईत! चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, नोकरीची सहा वर्षं झाली, आणि खरी परीक्षा ओसरीवर. :-)

नवा फोन म्हणजे किती, याचा हिशोब तात्यांकडे तयार होता. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेदहा हजारांचा फोन म्हणजे दोन क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. बाजारात तो मिळतोच असं नाही. आपण ‘बजेट फोन’ म्हणून ज्याला नाक मुरडतो तो फोन इथे पोत्यांत मोजला जातो.

आणि फोन नसला तरी चालेल अशी सोय आता राहिलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात कोणतं पीक उभं आहे हे शेतकऱ्याने स्वतः बांधावर जाऊन, मोबाइलवरून फोटो काढून नोंदवायचं. ती नोंद सातबाऱ्यावर चढते. पुढे नुकसानभरपाई असो की हमीभावाने खरेदी, सगळीकडे हीच नोंद बघतात. तात्यांची या हंगामाची नोंद व्हायची होती आणि फोन तर कॅमेरासुद्धा धड उघडत नव्हता.

तर सुरुवात इथून, की मेमरी दोन असतात. तात्यांना ‘मेमरी फुल्ल’ असं जे दिसत होतं ते स्टोरेज. म्हणजे घरातली कोठी, जिथे फोटो, व्हिडिओ, अ‍ॅप कायमची पडून असतात. रॅम वेगळी. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. आत्ता जे काम चाललंय तेवढंच सामान ओट्यावर. फोन बंद केला की ओटा साफ, कोठी जशीच्या तशी. दुकानात दोन्हींना मेमरीच म्हणतात, त्यामुळे लोक फोटो उडवतात आणि रॅम का वाढली नाही म्हणून हैराण होतात. उलट क्लीनर टाकतात आणि कोठी भरलेलीच राहते.

आधी कोठी. फोनच्या फ्लॅश मेमरीची एक खोड असते. लिहिलेल्या जागेवर सरळ पुन्हा लिहिता येत नाही, आधी एक आख्खा ठोकळा पुसावा लागतो. मोकळी जागा भरपूर असेल तर ही पुसापुशी फोन निवांत वेळी उरकतो. जागा संपत आली की ऐन कामाच्या वेळी करावी लागते. गोदामात पोती ठासून भरली की एक नवीन पोतं ठेवायला आधी चार हलवावी लागतात, तसंच. म्हणून स्टोरेज गळ्याशी आलं की रॅम कितीही असो, फोन रखडतो. दहा-पंधरा टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

तात्यांच्या कोठीत काय होतं? सुप्रभात. गुलाबाची फुलं, दिवे, देव, आणि त्याखाली सुविचार. गावातल्या, भावकीतल्या, बाजारभावाच्या, भजनी मंडळाच्या अशा सगळ्या ग्रुपांवरून आलेले आणि आपोआप उतरलेले. एकच व्हिडिओ चार ग्रुपांतून चारदा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ असतं. तिथे पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइली वेगळ्या काढून दाखवतात. आम्ही दोघं शेजारी बसून एकेक बघत गेलो. मी उडवणार, तात्या थांबवणार. "हे राहू दे, ह्यात आई हाय." लग्नातला एक हलता व्हिडिओ, त्यात आजी तीन सेकंद दिसते. तो ठेवला. क्लीनर अ‍ॅपला असली आजी ओळखता येत नाही. म्हणून हे काम माणसाने माणसाशेजारी बसूनच करावं. शेवटी आपोआप डाउनलोड बंद केलं आणि जवळजवळ नऊ जीबी मोकळी झाली.

आता रॅम, आणि खरा गैरसमज इथेच आहे. ‘रॅम ८५ टक्के भरली’ असं लाल अक्षरात दिसलं की माणूस घाबरतो आणि सगळी अ‍ॅप एकेक करून वर ढकलून देतो. तात्यांना हे मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं तेव्हा आपल्या घरात रिकामी घागर कुणी ठेवतं का? हंडे, कळशा, बादल्या, अगदी पातेलीसुद्धा भरून ठेवतो. भरलेली भांडी बघून कुणी म्हणत नाही की भांडी संपली, ओतून द्या! रॅमचंही तसंच आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे, आणि रिकामी रॅम म्हणजे वाया गेलेली रॅम हे लिनक्सचं जुनं तत्त्व. मघाशी वापरलेलं अ‍ॅप तो भरून ठेवतो, म्हणजे पुन्हा उघडलं की लगेच समोर. दुसऱ्या कशाला जागा लागली की बराच वेळ न वापरलेलं भांडं तो स्वतःच ओततो. त्यासाठी ‘लो मेमरी किलर’ नावाची यंत्रणाच असते. कुणाला आधी मारायचं याचा क्रमही ठरलेला आहे. समोर दिसणारं अ‍ॅप सर्वांत शेवटी, गाणं वाजवणारं त्याच्या आधी, आणि मागे नुसतं पडून असलेलं सर्वांत आधी.

क्लीनर काय करतो? भरलेल्या घागरी ओतून ‘बघा किती मोकळ्या झाल्या’ म्हणून टाळ्या घेतो. पाच मिनिटांनी तात्या व्हॉट्सअ‍ॅप उघडतात. ते आता पहिल्यापासून, स्टोरेजमधून उचलून, प्रोसेसर तापवून उघडावं लागतं. वेळही जास्त, बॅटरीही जास्त. शिवाय क्लीनर स्वतः रॅममध्ये ठाण मांडून बसतो आणि जाहिराती दाखवतो ते वेगळंच. तात्यांच्या फोनमध्ये असले दोन होते. एकमेकांना साफ करत असावेत. दोन्ही काढले.

मग हा फोन एवढा रडतो कशाला? कारण दोन जीबीतला मोठा वाटा खुद्द अँड्रॉइड, मोडेम आणि पडद्याची चित्रं यांतच जातो. उरलेल्यावर सगळा संसार. त्यात कॅमेरा म्हणजे घरी अचानक आलेली वरात. फोटोची फाइल दिसते तीन-चार एमबीची, पण ती दाबून लहान केलेली असते. तेरा मेगापिक्सेल म्हणजे एक कोटी तीस लाख ठिपके. प्रत्येकाला चार बाइट धरले तर उघडलेलं एक चित्र रॅममध्ये ५२ एमबी खातं, आणि कॅमेरा अशी चित्रं एकावेळी अनेक हातात धरतो. मग किलर जागा करायला निघतो. तुम्ही एखाद्या अ‍ॅपमध्ये फॉर्म भरत होतात, मध्येच कॅमेरा उघडला, तर तो फॉर्म आता ‘मागे’ गेला. गेला की मेला. फोटो काढून परत यावं तर फॉर्म कोरा. माणसाला वाटतं, आपल्यालाच जमलं नाही.

हल्ली ‘व्हर्च्युअल रॅम’ची जाहिरात असते. ४ जीबी अधिक ४ जीबी वगैरे. २०२१ पासून बऱ्याच फोनांत हे आलं. यात स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरतात. लातूरकरांना हे समजावून सांगायची गरजच नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर, साडेतीनशे किलोमीटरवरून. त्या गाडीने शहराला आधार दिला हे खरं. पण तिला कुणी धरण म्हणालं नाही. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी पट हळू असतं, आणि वारंवार लिहून ते झिजतंही. त्यापेक्षा झेडरॅम बरी. त्यात पडून असलेला मजकूर रॅममध्येच दाबून ठेवतात, गोधड्या घडी घालून रचतात तसा. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून गूगलने स्वस्त फोनांसाठी तिचा आग्रह धरला आणि आता ती बहुतेक फोनांत आधीपासून चालू असते. आपण काही करायचं नाही.

मग करायचं काय? घागरी ओतायच्या नाहीत, पाणी मागणारी तोंडं कमी करायची. तात्यांच्या फोनवर हलता वॉलपेपर होता, तो काढून साधा फोटो लावला. होम स्क्रीनवरची हवामानाची आणि बातम्यांची विजेट काढली. कधीच न वापरलेली आणि काढताही न येणारी अ‍ॅप ‘डिसेबल’ केली. तीन बातम्यांची अ‍ॅप काढून त्याच संस्थळांचे शॉर्टकट ब्राउझरमधून ठेवले. कॅमेऱ्याचा आकार एक पायरी खाली आणला. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन अ‍ॅनिमेशनचा वेळ अर्ध्यावर आणला. याने रॅम एक बाइटही वाढत नाही, पण पडदा पटकन सरकतो आणि माणसाचा जीव कमी खालावर होतो. आणि आठवड्यातून एकदा फोन बंद करून चालू करायचा, कारण काही अ‍ॅप घेतलेली मेमरी परत करायला विसरतात. तात्यांनी त्यासाठी शनिवार ठरवला. मारुतीला जाताना फोन बंद, आल्यावर चालू.

फोन नवा झाला का? नाही. आजही तो दोन जीबीचाच आहे आणि दोन मोठी अ‍ॅप एकावेळी चालवू म्हटलं तर तोंड फिरवतो. पण रविवारी सकाळी आम्ही बांधावर गेलो, बाकी सगळं बंद ठेवलं, आणि सोयाबीनची नोंद झाली. दोन क्विंटल वाचले म्हणा, निदान या वर्षीचे.

आता थोडं आपल्या जातभाईंशी, म्हणजे जे अ‍ॅप बनवतात त्यांच्याशी. २००८ मध्ये आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, एचटीसी ड्रीमला, १९२ एमबी रॅम होती. त्यावर नकाशे, मेल, ब्राउझर सगळं चालायचं. २०१७ अखेर ‘गो’ आवृत्ती आली ती एक जीबी आणि त्याहून कमी रॅमच्या फोनांसाठी. अँड्रॉइड १३ च्या वेळी किमान दोन जीबीची अट झाली. म्हणजे तात्यांचा फोन जिथला तिथे उभा आहे आणि उंबरठाच त्याच्यापर्यंत चढत आला आहे. फोन म्हातारा होतो असं आपण म्हणतो. खरं तर त्याचं काहीच बिघडलेलं नसतं, आपण लठ्ठ होत जातो.

आपण अ‍ॅप तपासतो ते ऑफिसच्या वायफायवर, बारा जीबीच्या फोनवर. तिथे किलरला कधी कामच पडत नाही, म्हणून कोरा होणारा फॉर्म आपल्याला दिसतच नाही. तो बघायला रेणापूरला जायची गरज नाही. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये ‘डोन्ट कीप अ‍ॅक्टिव्हिटीज’ नावाचं एक बटण आहे. ते चालू करा, आपलंच अ‍ॅप उघडा, अर्धा फॉर्म भरा, कॅमेऱ्यात जाऊन परत या. फॉर्म कोरा दिसला तर समजा की कुठल्यातरी बांधावर उन्हात उभा असलेला माणूस तो तिसऱ्यांदा भरतो आहे. भरलेली माहिती स्क्रीन जाण्याआधी जपून ठेवायला चार ओळींचा कोड लागतो. टीमसाठी एक दोन जीबीचा जुना फोन विकत घ्यायला तर आपल्या एका टीम-लंचपेक्षा कमी पैसे लागतात.

सोमवारी स्टँड-अपमध्ये एवढं एकच बोलून बघा.