तसबिरीची मागची बाजू

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांतल्या शिळाछापाच्या तसबिरी मी जमवतो. त्यातही ओढा घरगुती प्रसंगांकडे: बाळकृष्णाला जवळ घेतलेली यशोदा, तान्ही शकुंतला विश्वामित्रापुढे धरणारी मेनका. पुराणातली माणसं खरी, पण चित्रात दिसतात ती आई, बाप आणि मूल.

दगडावरून छापण्याचं हे तंत्र बव्हेरियात सेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अखेरीस शोधलं. पुढे फ्रान्समध्ये मायलेकरांची, घरसंसाराची छापील चित्रं मध्यमवर्गाच्या भिंतींवर गेली. आपल्याकडे पुण्यात 1878 मध्ये चित्रशाळा निघाली आणि 1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. यंत्रं आणि कारागीर जर्मनीचे. प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. ज्यांना तैलचित्र परवडणं शक्य नव्हतं, त्यांच्याही माजघरात रविवर्मा पोचला तो यामुळे.

वाईतला एक वाडा उतरवत होते, तिथे मला यशोदेची तसबीर मिळाली. घरी आणून मागची फळी काढली. चित्राच्या कडा कसरीने खाल्ल्या होत्या. यशोदेच्या लुगड्याच्या काठावर मात्र घरातल्या कुणा बाईने खरी जर आणि टिकल्या शिवल्या होत्या. मागून पाहिलं तर टाके एकसारखे, गाठी बारीक. चेहऱ्यावर भिंग धरलं की गुलाबी, पिवळे, तपकिरी ठिपके वेडेवाकडे एकमेकांवर पडलेले दिसतात. ते कारागिराने हाताने दगडावर उतरवलेले असतात. हल्लीच्या छपाईत ठिपक्यांची जाळी आखीव असते. अस्सल ओळखायची माझी पहिली खूण हीच.

मूळ चित्र आणि छापील तसबीर यांतला फरक नीट समजून घ्यायचा तर औंधला जावं. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या तिथल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. कुंचल्याचा फटकारा आणि दगडाचा ठिपका यांतलं अंतर तिथे डोळ्यांना कळतं.

2019 च्या महापुरानंतर सांगलीत चिखलाने माखलेल्या तसबिरी कचऱ्याच्या ढिगांवर पाहिल्या तेव्हा पोटात तुटलं. काही वाचवता आल्या असत्या. भिजलेला कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नये. काचेसकट आडवा ठेवून सावलीत वाळू द्यावा आणि जाणकाराला दाखवावा.

मळवलीचा कारखाना 1972 च्या आगीत गेला. आता या चित्रांचा मोठा ठेवा आपल्याच घरांच्या भिंतींवर आणि माळ्यांवर आहे. बाजारात किंमत सहीला आणि रंगाला मिळते. पण तसबीर कुणाच्या घरची, कुठल्या खोलीतली, जर कुणी शिवली, हे घरच्यांशिवाय कुणी सांगू शकत नाही. म्हणून विनंती एवढीच: वाडा पाडायला काढाल तेव्हा तसबीर भंगारात देऊ नका, आणि दुसऱ्या कुणाला देणार असाल तर त्याआधी एका चिठ्ठीवर एवढी माहिती लिहून ती चौकटीच्या मागे लावा.