बघून येते हं!

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता या क्षणी किती गाड्या बेवारस उभ्या आहेत? नाही हो, पार्किंगबद्दल बोलत नाहीये. शॉपिंगच्या गाड्या! एका ॲपवर तीन कुर्ते, दुसरीकडे मिक्सरचं भांडं, तिसरीकडे ते सेलमधले सॅण्डल... सगळं निवडलं, साइज बघितला, मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवला, ‘ॲड टु कार्ट’ केलं आणि वाशी आलं म्हणून फोन पर्समध्ये टाकला. खेळ खल्लास. आमच्या धंद्यात याला ‘कार्ट अबॅन्डनमेंट’ असं भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत सांगायचं तर दुकानदाराला “बघून येते हं!” म्हणायचं आणि परत फिरकायचंच नाही.

मी पनवेलला राहते, बीकेसीत नोकरी करते आणि माझा पगार या न फिरकणाऱ्यांवर चालतो. लोक कुठल्या पानावर अडले, कुठल्या रकान्यात वैतागले, कुठल्या बटणापाशी येऊन पळाले, हे दिवसभर बघत बसणं हे माझं काम. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची संस्था वर्षानुवर्षं या विषयावरचे अभ्यास गोळा करते आहे आणि त्यांची सरासरी सत्तर टक्क्यांच्या आसपासच घुटमळते. म्हणजे दहा गाड्या भरल्या की सात तिथेच उभ्या. ऑफिसात या आकड्याची सवय होऊन जाते. एक टक्का इकडचा तिकडे झाला की केक कापायचा आणि पुढच्या मीटिंगला पळायचं.

मग वहिनीने दुकान काढलं आणि तोच आकडा आमच्या घरात राहायला आला.

वहिनी माहेरची पेणची. चांगली नोकरी सोडून तिने पोह्याचे पापड, मिरगुंड, कडवे वाल, आंबोशी, फणसाची साठं असला सगळा माल ऑनलाइन विकायला घेतला. मागच्या खोलीत रॅक लावले, पॅकिंगला दोन बायका ठेवल्या, डोंबिवलीच्या एका मुलाकडून वेबसाइट करून घेतली. फोटो एकदम झकास. लाइक्सचा पाऊस. गाड्या भरायच्या, रोज भरायच्या... पण दारातून बाहेर पडायच्या नाहीत. दहातल्या आठ तिथेच. दादा एका रात्री जेवताना शांतपणे म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर आवरू.” वहिनी काही बोलली नाही. पॅकिंगवाल्या दोघींपैकी एकीने मुलाच्या क्लासची फी याच पगारावर धरली होती, ते तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

मी रविवारी लॅपटॉप घेऊन बसले. पहिली भानगड पाच मिनिटांत सापडली. पापडाची दोन पाकिटं, २४० रुपये. नाव, पत्ता, फोन, ई-मेल, सगळं भरा. आणि मग शेवटच्या पानावर हळूच येतं, डिलिव्हरी ९५ रुपये. कोणीही पळेलच की! बेमार्डच्या पाहणीतही पळण्याच्या कारणांत पहिला नंबर याच ऐनवेळच्या जादा खर्चाचा असतो. ९५ रुपये जास्त वाटतात हा अर्धाच राग. ते आधी सांगितलं नाहीत, हा खरा राग. रिक्षावाल्याने बसल्यावर भाडं वाढवलं तर कसं वाटतं? तसंच. आता पिनकोड टाकला की डिलिव्हरीचा आकडा मालाच्या पानावरच दिसतो, आणि पाचशेच्या वर डिलिव्हरी फुकट. पाचशे गाठायला लोक एक वालाचं पाकीट जास्त घेतात. मीही घेते हो, दुसऱ्यांच्या साइटवर!

दुसरी भानगड, खातं उघडा. दोनशे रुपयांच्या मिरगुंडासाठी पासवर्ड, त्यात एक कॅपिटल अक्षर, एक आकडा, एक चिन्ह. यावर आमच्या धंद्यात एक किस्सा सगळ्यांना पाठ आहे. जॅरेड स्पूल या अमेरिकन तज्ज्ञाने तो २००९मध्ये लिहिला. एका बड्या दुकानाच्या साइटवर पैसे भरण्याआधी ‘रजिस्टर’ असं बटण होतं. ते काढून ‘कंटिन्यू’ ठेवलं आणि ‘खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही’ एवढं लिहिलं. खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलर जास्त आले. दुकानाचं नाव मात्र त्याने गुलदस्त्यातच ठेवलं. वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, मला फक्त महिन्याचा पगार निघाला तरी चालेल.” बटण बदललं.

पैसे भरण्याचं प्रकरण तर आपल्याकडे वेगळंच. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्डाला दुसरा पासवर्ड सक्तीचा केला. चांगलंच केलं, पण तेव्हा बँकेचं पान उघडेपर्यंत गाडी अर्ध्यात तुटायची. लोकांचा विश्वास बसेना, म्हणून २०१०मध्ये फ्लिपकार्टने ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली आणि अख्खा देश ऑनलाइन खरेदीला लागला. २०१६मध्ये यूपीआय आलं. आता अडचण अशी की आपण दुकानातून उडी मारून पैशांच्या ॲपमध्ये जातो, लोकल खाडीपुलावर असते, रेंज गेलेली असते, आणि परत येऊन बघावं तर गाडी रिकामी! वहिनीच्या साइटवर नेमकं हेच होत होतं. पैसे कुठे अडकले की काय या धास्तीने कोण पुन्हा सगळं भरत बसणार? आता गाडी जशीच्या तशी राहते आणि ‘पैसे गेले नाहीत, पुन्हा करा’ असं मराठीत येतं.

आणि आरटीओ! पनवेलकरांना आरटीओ म्हटलं की एमएच ४६ आठवतं. दुकानदाराला आठवतं ‘रिटर्न टु ओरिजिन’, म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरीचं जे पार्सल दारातून परत येतं ते. गाडी सोडून जाण्याचाच हा प्रकार, फक्त दुकानदाराच्या खर्चाने. जाताना कुरिअर, येताना कुरिअर, आणि पापडांचा झालेला चुरा. वहिनीने कॅश बंद केली नाही. वयस्कर गिऱ्हाइकं त्याशिवाय घेतच नाहीत. पण पार्सल निघायच्या आधी ती स्वतः फोन करते.

आता मजा ऐका. या सगळ्याचा मूळ फंडा मला ऑफिसात नाही, पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात कळला. कानातली विकणारी बाई बघितली आहे ना? ती कानातल्यांचं पूर्ण कार्ड तुमच्या हातात देते आणि पुढे निघून जाते. डोक्यावर उभी राहत नाही, ‘लवकर घ्या, दोनच उरलेत’ म्हणत नाही. कार्ड या बाकावरून त्या बाकावर फिरतं, मैत्रिणी मतं देतात, आणि डब्याच्या टोकाला जाऊन ती परत येते. एकदाच. घेतलं तर घेतलं, नाहीतर कार्ड उचलून सानपाड्याला पसार! विचार करायला वेळ, आधीच माहीत असलेला भाव, आणि एकच आठवण. आमची कंपनी याच गोष्टीसाठी सॉफ्टवेअरला दर महिन्याला पैसे मोजते.

पूर्वी साडीच्या दुकानात काय वेगळं होतं? लग्नाचा बस्ता बांधायला गेलो की गादीवर पन्नास साड्या उलगडायच्या आणि दहा घ्यायच्या. उरलेल्या चाळीस कोणी मोजल्या नाहीत, त्याचे तक्ते केले नाहीत. फरक इतकाच की तिथे चहा प्यायलेला असायचा, त्यामुळे नुसतं उठून जाताना थोडी लाज वाटायची. मोबाइलवर लाज कुठली? कार्टचा जन्मही तसा रडतखडतच झाला म्हणा. अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन नावाच्या दुकानदाराने १९३७मध्ये ढकलगाडी आणली, तर लोक तिला हात लावेनात. शेवटी त्याने पगारी माणसं ठेवली, दुकानात नुसती गाडी ढकलत फिरायला!

डोंबिवलीच्या मुलाने वहिनीला वेगळेच उपाय सुचवले होते. पानावर उलटं घड्याळ लावा. ‘फक्त २ शिल्लक’ लिहा. ‘नको’च्या बटणावर ‘मला घरचं खायला आवडत नाही’ असं टाका. मागच्या खोलीत चाळीस पाकिटं रचलेली आणि साइटवर म्हणे दोन शिल्लक! मी त्याला सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३मध्ये अशा तेरा क्लृप्त्यांची यादीच काढली आहे. खोटी घाई, न विचारता गाडीत वस्तू सरकवणं, लाज घालून विकणं, सगळं त्यात बसतं. तो म्हणाला, “मॅडम, सगळे करतात.” खरंय, पुष्कळ जण करतात. मीही अशा मीटिंगमध्ये बसलेली आहे, जिथे अशी घड्याळं मोठ्या उत्साहाने मांडली जातात. त्या वेळी समोर फक्त टक्के असतात. इथे मात्र वहिनी समोर होती. ती म्हणाली, “माझी आई बाजारात बसायची. दोनच उरलेत असं ती म्हणाली तर दोनच उरलेले असायचे.” विषय संपला.

तिने तिचा उपाय काढला तो असा. पत्त्यापर्यंत येऊन परत गेलेल्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी सकाळी एकच मेसेज. ‘काही अडचण आली का? वहिनी.’ खाली तिचा नंबर. कूपन नाही, दुसरा मेसेज नाही. मला वाटलं होतं उत्तरं येणार नाहीत. आली की! एकीला विचारायचं होतं, पाकिटात पापड किती. (फोटोत सगळं छान, पण संख्याच नाही!) एका आजोबांना ई-मेल नव्हता आणि त्याशिवाय पान पुढे सरकत नव्हतं. ठाण्याच्या एका बाईंनी सरळ सांगितलं, “भाव बघत होते हो, घ्यायचं नव्हतं.” अशा माणसांना कुठलंही बटण परत आणू शकत नाही आणि आणूही नये. माझी आईसुद्धा त्यातलीच. तिच्या गाडीत कायम दहा-बारा वस्तू असतात, रात्री झोपताना ती त्या बघते. तिला घ्यायच्याच नसतात. तिचं ते विंडो शॉपिंग आहे, टपाल नाक्यावरून चक्कर मारून आल्यासारखं.

सगळ्यात भारी फोन आला तो नवीन पनवेलहून. “तुम्ही पनवेलचेच ना? मग मी डिलिव्हरीचे पैसे कशाला भरू? संध्याकाळी स्टेशनवरून येताना घेऊन जाऊ का?” आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. साइटवर ‘पनवेलमध्ये स्वतः येऊन न्या’ अशी सोय केली. आता संध्याकाळी साडेसात ते नऊ, लोकलमधून उतरलेले लोक घरी जाता जाता दाराशी येतात. कोणी ऑर्डर केलेली दोन पाकिटं घेतं आणि समोर आंबोशी दिसली की तीही उचलतं. दादा दार उघडायला उठतो. हल्ली पैसेही तोच घेतो.

दिवाळी होऊन गेली. दहातल्या आठ होत्या, त्या आता सातच्या खाली उतरल्यात. बाहेरगावच्या ऑर्डरी फार वाढल्या असं नाही, पुण्या-नाशिकला कुरिअर अजून महागच पडतं. पण दोघींचा पगार निघतो आणि ‘आवरू’ हा शब्द जेवताना पुन्हा निघालेला नाही. उन्हाळ्यात पापड लाटायला पेणला किती पीठ सांगायचं, यावर सध्या वहिनी आणि दादाची रोज वादावादी चालू आहे. ती म्हणते दुप्पट, तो म्हणतो दीडपट.

ई-मेलची सक्ती गेली. पाकिटात पापड किती, ते लिहून झालं. पत्त्याच्या पानावर राज्यांची यादी मात्र अजून अंदमानपासून सुरू होते आणि महाराष्ट्र येईपर्यंत अंगठा दुखतो. डोंबिवलीचा मुलगा म्हणालाय, सोमवारी करून देतो.