गंज काढ, नाव ठेव

जुने चाकू विकत घेतो म्हटलं की लोक आधी तोंडाकडे बघतात, मग खिशाकडे. आमच्या आईनंसुद्धा पहिल्यांदा तेच केलं. "हे कशाला आणलास रे घरात? शेजारी काय म्हणतील?" तिचं फार चुकलं असं नाही. पेपरात चाकूचं नाव येतं ते बहुतेक हल्ल्याच्या बातमीत. सिनेमानं तर चाकू कायमचा खलनायकाच्या हातात देऊन टाकला. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूवरचा संवाद आमच्या गल्लीतल्या काकांना अजून पाठ आहे. उत्तर प्रदेशातल्या रामपूर शहरानं मात्र आपल्या नावाची लाज धरली नाही. २०२३ साली तिथल्या चौकात वीस फुटी रामपुरी चाकू उभारला गेला.

मी गोळा करतो ते चाकू असले नव्हेत. बोटभर पातं, घडी घातली की मुठीत मावणारे. पूर्वी प्रत्येक शेतकऱ्याच्या चंचीत पान, सुपारी, चुना, तंबाखू आणि अडकित्ता असायचा, आणि बऱ्याच जणांच्या चंचीत असा एक चाकूही. पायातला काटा काढायला, उसाचं कांडं सोलायला, काकडी चिरायला, कलम बांधायला, निपाणीकडं तंबाखूच्या गठ्ठ्याची सुतळी तोडायला. अनगोळ-वडगावच्या शिवारात अजून भात होतं, पण बांधावर बसून खिशातला चाकू काढणारा माणूस आता क्वचित दिसतो. पिशवी दातानं फाडतात नाहीतर दहा रुपयांच्या कटरनं. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे आणि त्यातूनही घरकाम-शेतीची अवजारं वगळली आहेत. आमचा चाकू त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकासुद्धा नसतो. तरी मी तो खिशात घालून फिरत नाही. त्याचं काम घरात आहे.

आठवड्याच्या बाजारात कडेला एक चादर पसरलेली असते. त्यावर पाने, पक्कड, कुलपं, नळाच्या तोट्या, तुटक्या कातऱ्या. त्या ढिगात चाकू सापडतात. चाळीस रुपये, साठ रुपये. बहुतेकांचं पातं उघडतच नाही. गंज आणि जुनं तेल मिळून सांध्यात घट्ट खळ झालेली असते. जोर करून उघडायला गेलं की पातं मोडतं नाहीतर बोट कापतं. म्हणून पहिलं काम म्हणजे थांबणं. सांध्यात डिझेलचे किंवा शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब सोडायचे आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी थोडं हलतं. परत तेल, परत थोडं. आतून काळी राड बाहेर येते, ती चिंधीनं पुसत राहायची. मूठ शिंगाची असेल तर पाण्यात बुडवायची नाही, शिंग फुगतं आणि तडकतं. खोबरेल तेल घरात हाताशी असतं, पण चाकूला नको. काही महिन्यांत ते चिकट होतं आणि सांधा परत धरतो.

मग गंज. गंज लागल्यानं धनुर्वात होतो अशी समजूत आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत, धुळीत असतात, गंजात ते तयार होत नाहीत. पण जुना चाकू कुठल्या मातीत पडला होता हे कुणाला ठाऊक, म्हणून हातमोजे घालायचे आणि कापलं तर इंजेक्शन घ्यायचं. तांबडा गंज भुसभुशीत असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचं लोखंड खात जातो. तो काढलाच पाहिजे. पण त्याच्याखाली बऱ्याचदा एक काळपट-निळसर थर सापडतो. तो पातळ असतो, घट्ट बसलेला असतो आणि पात्याला थोडंफार राखतो. आज्जीच्या विळीचं पातं आठवा. कैरी, कच्ची केळी, वांगी चिरून चिरून ते काळं झालेलं असतं, पण धार पाणीदार. आंबट रसानं आणि तुरट फळांनी पोलादाला हा रंग येतो. हिरड्याच्या काळ्या शाईतही लोखंड आणि तुरटपणा यांचाच हा खेळ असतो. १९१३ साली इंग्लंडातल्या शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीनं न गंजणारं पोलाद केलं आणि नंतर घरोघरचे चाकू कायम पांढरे राहिले. जुन्या साध्या पोलादाला मात्र आपण काय काय कापलं ते लपवता येत नाही.

म्हणून सगळं घासून आरशासारखं करायचं की थोडं ठेवायचं, हा प्रश्न दर चाकूला नव्यानं पडतो. बाजारातला विक्रेता म्हणतो, "चमकाव की, दुप्पट पैसे येतील." मी ८०० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून हलक्या हातानं फिरवतो. तांबडं गेलं की थांबतो. कधी कधी पात्याच्या मुळाशी छाप दिसू लागतो. एकदा चांदणी आणि माल्टीज क्रॉस दिसला. ही शेफील्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. अशा नावाजलेल्या छापांच्या नकलाही होतात, त्यामुळं लगेच हुरळून जायचं नाही. पण पेपर जोरात फिरवला असता तर खरी की नकली हा प्रश्नच उरला नसता.

धार लावायचं मला बाबांनी शिकवलं. ते उद्यमबागेत टर्नर होते. दोन वर्षांपूर्वी त्यांचं वर्कशॉप बंद पडलं. तेव्हापासून दुपारभर घरी असतात आणि फारसं बोलत नाहीत. मी ओळखीच्या दुकानातल्या ग्राइंडरवर चाकू घासून आणू का, असं विचारलं तेव्हा ते एकदम उठून बसले. "ग्राइंडरवर धरू नको. निळं पडलं की मेलं ते." मग समजावून सांगितलं. पातं तापवून विझवल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून परत दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवून त्याला चिवट करतात. कोरड्या ग्राइंडरवर कड तीनशे अंशांच्या घरात गेली की रंग निळा होतो आणि केलेली मेहनत पुसली जाते. धार लागते, पण टिकत नाही. दगडावर पाणी घालून, हातानं, साधारण वीस अंशांच्या तिरक्यात, एका बाजूला दहा आणि दुसऱ्या बाजूला दहा फेऱ्या. कडेला बारीक तार आल्यासारखी बोटाला लागते. ती शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मोडायची, न्हावी वस्तऱ्याला करायचा तसं.

पूर्वी हे काम दारात व्हायचं. सायकल स्टँडवर लावून पायडल मारत चाक फिरवणारा धारवाला गल्लीत यायचा. आपल्या भागात शिकलगार आडनाव ऐकायला मिळतं. ते फारसी 'सैकल' या शब्दावरून आलं, म्हणजे झिलई. हत्यारांना झिलई देणारा तो सैकलगर. नाव राहिलं, चाक कमी झालं. बायबलमधल्या उपदेशकाच्या ग्रंथात बोथट कुऱ्हाडीला जास्त जोर लावावा लागतो असा विचार आहे. चाकूचंही तसंच. बोथट चाकूच जास्त कापतो, कारण जोर लावला की तो घसरतो.

गेल्या पावसाळ्यात एक पितळी मुठीचा चाकू मिळाला. साठ रुपये. मूठ हिरवी पडली होती. चिंच आणि मीठ चोळल्यावर हिरवं गेलं आणि खाली खिळ्यानं कोरलेली दोन अक्षरं वर आली, 'पा. म.' अक्षरं वेडीवाकडी, पण खोल. मी बाबांना दाखवलं आणि विचारलं की मूठ गुळगुळीत करायची तर ही घासून काढू का. त्यांनी चाकू हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "गंज काढ की. नाव काय गंज हाय व्हय?"

मग त्यांनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढली. तिच्यात त्यांचे पाने, कॅलिपर, पंच, एक मायक्रोमीटर. प्रत्येकावर त्यांच्या नावाची अक्षरं ठोकलेली. कारखान्यात हत्यारं एकमेकांत मिसळतात म्हणून प्रत्येक कामगार असं करतो. "नाव ठोकणारा माणूस हत्यार विकायसाठी घेत नसतोय," ते म्हणाले. "विकतात ते मागचे."

त्या वाक्यानंतर बाजारातली ती चादर मला वेगळी दिसायला लागली. साठ रुपयांची वस्तू स्वस्त मिळाली म्हणून मी खुश होतो, पण ती तिथं कशी आली? कुणी गेलं असेल, घर बदललं असेल, काम सुटलं असेल, कर्ज असेल, दारू असेल. भंगारवाला किलोवर घेतो, त्याच्या काट्यावर नावाला वजन नसतं. आमच्या पलंगाखालच्या पेटीलाही एक दिवस कुणीतरी दर विचारील. तो मीच असू शकतो, नोकरीसाठी पुण्याला जाताना, खोलीत जागा नाही म्हणून. सगळंच जपून ठेवता येत नाही हे मलाही कळतं. पण एखाद्याच्या हाताची खूण आपल्या हातात आली तर ती आपल्याकडून पुसली जाऊ नये, एवढं नक्की करता येतं. कोण होता हे माहीत नसलं तरी कुणीतरी होता, एवढं त्या दोन अक्षरांत आहे.

आता बाजारातून आणलेला चाकू आधी बाबांच्या पुढ्यात जातो. ते चष्मा लावून सांधा बघतात, खिळा ढिला असेल तर हळूच ठोकतात आणि मग माझ्याकडं सरकवतात. आईनं शेजाऱ्यांची काळजी सोडली आहे. उलट पलीकडच्या काकू आपल्या दोन सुऱ्या धारेला देऊन गेल्या, नंतर त्यांच्या जावेनं विळी पाठवली. बाबा पैसे घेत नाहीत, पण सुरी परत देताना "केळीच्या पानावर चालवून बघा" असं आवर्जून सांगतात.

'पा. म.' कोण ते अजून कळलेलं नाही. त्यांच्या चाकूनं आई रोज परसातल्या केळीचं पान कापते.