मोत्याची चूक

शाळामास्तराला एक खोड असते. आपण एकदा शिकवलेली गोष्ट पुन्हा कुणी विसरू नये, असे त्याला वाटते. गेल्या दिवाळीपर्यंत मलाही तसेच वाटत होते.

आमचा मोत्या चाकणचा. माझ्या मामेभावाच्या कांदाचाळीत तो जन्मला आणि पिशवीत बसून चिंचवडला आमच्या दुसऱ्या मजल्यावर आला. दोन-तीन महिन्यांत शहाणा झाला. दाराशी उभा राहून शेपटी हलवायचा, की आम्ही त्याला खाली न्यायचे. पुढे सहा वर्षे घरात एक थेंब सांडला नाही. पाहुण्यांपुढे मी त्याचे कौतुक करी. मुलांना लाज वाटावी म्हणून तर हमखास!

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सतरंजी भिजलेली दिसली. त्या दिवशी नुसता रागावलो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राची गुंडाळी करून दोन फटके दिले. चौथ्या दिवशी सतरंजी कोरडी! मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिले. तिने मुकाट्याने कपाटामागे बोट दाखवले. हे काम मास्तरांच्या डोळ्यांआड करावे, एवढेच मोत्या माझ्याकडून शिकला होता.

"अहो, याला परत चाकणला तरी सोडा," ही म्हणाली. रविवार ठरला. धाकटी जेवेना. तिच्या समाधानासाठी शनिवारी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. मोठा कुत्रा एकाएकी असे करू लागला तर आधी आजार शोधायचा असतो, हे मला तेव्हा कळले. मूत्रमार्गात जंतू, मुतखडा, मधुमेह, म्हातारपण, किती तरी कारणे! तपासणीत काही निघाले नाही. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, हा घाबरलाय. काय झालं ते आठवा."

धाकटीला आठवले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री मोत्या जिना उतरत होता, आणि खालच्या पायरीपाशी हजाराची माळ कडाडली होती. तेव्हापासून अंधार पडला की तो जिन्यात पाऊल टाकत नव्हता. थंडीमुळे कंटाळा करतो, असे आम्ही समजत होतो. रात्रीची खेप चुकल्यावर तो बिचारा पहाटेपर्यंत किती धरणार?

ती माळ मीच लावली होती.

रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या कुत्र्यांची हकीकत मी पुढे वाचली. १९२४ साली लेनिनग्राडला पूर आला, त्यांच्या प्रयोगशाळेत पाणी शिरले आणि पिंजऱ्यातली कुत्री बुडता बुडता वाचली. त्या धसक्याने त्यांतली काही पक्के शिकलेले धडे विसरली. ती पुन्हा शिकल्यावर दाराखालून नुसती पाण्याची धार सोडली, तरी त्यांची घडी पुन्हा विसकटे!

आम्ही मोत्याचे शिक्षण पहिलीपासून सुरू केले. मार बंद. फिनेलने आपल्या नाकाचे समाधान होते, कुत्र्याच्या नाही. म्हणून वास मुळातून घालवणारे औषध आणून जागा पुसल्या. दिवस मावळण्याआधी त्याला खाली न्यायचे, मग रोज थोडा थोडा उशीर करायचा. काम झाले की तिथेच भाकरीचा तुकडा आणि शाबासकी. संक्रांतीपर्यंत मोत्या पुन्हा शहाणा झाला. मला जरा जास्त दिवस लागले.

परवा वर्गात एक हुशार मुलगा येणारा पाढा अडखळत म्हणू लागला. ओठांवर आलेले शब्द गिळून मी विचारले, "काय झालं रे घरी?" तो म्हणाला, "बाबांचं कंपनीतलं कंत्राट संपलं, सर. ते रात्री झोपत नाहीत." मी त्याला जवळ बसवून घेतले. पाढा आम्ही दोघांनी मिळून म्हटला.

यंदा लक्ष्मीपूजनाला आमच्या जिन्यात फक्त पणत्या असतील. मोत्याला उजेडातच फिरवून आणायचे, खिडक्या लावून घ्यायच्या, आणि आवाज सुरू झाले की मी त्याच्याजवळ बसायचे, असे ठरले आहे. त्याने सतरंजी भिजवलीच, तर ती मी धुवायची, हेही ठरले आहे.