गिटार वाजवणाऱ्याचे मनगट

गिटार शिकताना दोन जातींची दुखणी येतात. ती वेगवेगळी ओळखता येणे हा या वाद्याचा पहिला धडा मानायला हवा. पहिले दुखणे डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांचे. पोलादी तारा कातडीत रुततात, टोके लाल होतात, सोलवटतात, आणि काही आठवड्यांत तिथे घट्टे पडले की दुखणे आपोआप थांबते. दुसरे दुखणे मनगटाचे आणि कोपराखालच्या हाताचे. ते खोल असते. कधी ठणका होऊन येते, कधी मुंग्या होऊन. ते सरावाने जात नाही, सरावाने वाढते. मराठीत तबल्यापासून टंकलेखनापर्यंत सगळ्या कामांना ‘हात बसणे’ हा एकच शब्दप्रयोग आहे. बोटांच्या टोकांना तो लागू पडतो, मनगटाला नाही. हा फरक वेळेवर कोणी सांगत नाही, म्हणून कितीतरी गिटारी कपाटावर चढतात आणि तिथेच राहतात.

प्रस्तुत लेखकाची गिटारही काही काळ कपाटावर होती. लेखक पुण्यात कात्रजला संतोषनगरमध्ये राहतो. नोकरी संगणकासमोरची. गिटार त्याने छत्तिसाव्या वर्षी हातात घेतली. पहिले चार महिने बोटे दुखली आणि बसली. पाचव्या महिन्यात एफ मेजर हा कॉर्ड आला. त्यात तर्जनी पहिल्या फ्रेटवर सहाही तारांवर आडवी दाबून धरायची असते आणि बाकीची तीन बोटे पुढच्या दोन फ्रेटवर न्यायची असतात. नवशिक्याची खरी कसोटी इथे लागते. तार भर्र वाजू नये म्हणून अंगठा नेकच्या मागून जोर लावतो, मनगट आत दुमडते, खांदा नकळत वर चढतो. रोज तासभर हा एकच कॉर्ड घोटला गेला. जुलैच्या मध्यावर पहाटे तीनच्या सुमारास डाव्या हाताला मुंग्या येऊन जाग येऊ लागली. हात झटकला की बरे वाटे, पुन्हा झोप लागे. शिकवणाऱ्यांचे म्हणणे होते की वाजवत राहा, हात बसेल. ओळखीतल्या एकाने तेल लावून मनगट चांगले रगडून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना बोटे सैल पडली आणि कप ओट्यावर आपटला.

मनगटात नेमके काय होते ते समजले की पुढचे सगळे उपाय सोपे होतात. बोटे मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते कोपराखालच्या हातात असतात. तिथून निघालेले दोरीसारखे कंडरे मनगटातून पुढे बोटांपर्यंत जातात. मनगटात आठ छोटी हाडे कमानीसारखी मांडलेली असतात आणि त्यांच्यावर अस्थिबंधाचा एक जाड पट्टा आडवा ताणलेला असतो. मधे जो बोगदा तयार होतो तो कार्पल टनेल. त्यातून नऊ कंडरे जातात आणि एक मज्जातंतू, मीडियन नर्व्ह. घाटातल्या बोगद्यामुळे कात्रजकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही: आत एक ट्रक बंद पडला की मागची रांग किती वाढते ते त्यांनी पाहिलेले असते. मनगटातही भिंती हलत नाहीत. कंडऱ्यांभोवतीचे आवरण अतिकामाने जरा सुजले, तरी जागा कमी पडते आणि त्यात चेपला जातो तो मज्जातंतू, कारण तिथली सगळ्यात मऊ वस्तू तीच. मनगट सरळ असते तेव्हा या बोगद्यात दाब सगळ्यात कमी असतो. ते आत दुमडले किंवा मागे वळले तरी दाब वाढतो, आणि त्याच वेळी बोटांनी जोरात पकड केली तर आणखी वाढतो. एफ मेजरसारखा बार कॉर्ड चुकीच्या बैठकीत धरला की या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात.

कुठल्या बोटांना मुंग्या येतात, यावरून बरेच कळते. मीडियन नर्व्ह अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्याच भागाची संवेदना वाहते. करंगळी तिच्या हद्दीत येत नाही. मुंग्या करंगळीला असतील तर दोष बहुधा अल्नर नर्व्हचा, आणि तिची अडचण पुष्कळदा कोपरापाशी असते. अंगठ्याच्या बाजूला, मनगटाच्या कडेवर कळ येत असेल तर प्रकार वेगळा. स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १८९५ मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला राहिले. बोट मिटल्यावर अडकून खट्‌कन उघडत असेल तर तो आणखी वेगळा विकार, ट्रिगर फिंगर. चारही प्रकारांना लोक एकच म्हणतात, ‘शीर दुखते’. आणि एकच मलम चोळतात.

प्रस्तुत लेखकाला हाडांच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, मनगटे दुमडून एक मिनिट धरायला सांगितले. अमेरिकन शल्यविशारद जॉर्ज फॅलन यांच्या नावाची ही तपासणी. मिनिट पुरे होण्याआधीच डाव्या तर्जनीत मुंग्या सुरू झाल्या. मज्जातंतूची विद्युत तपासणी झाली, रक्तातली साखर, थायरॉइड आणि बी-१२ पाहिले गेले, कारण या तिन्हींतल्या बिघाडानेही हाताला मुंग्या येतात किंवा वाढतात. शाकाहारी माणसात बी-१२ तर आवर्जून पाहावे. निदान कार्पल टनेलचे, पण सौम्य. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो लेखकाला अजिबात अपेक्षित नव्हता: गाडी गिअरची आहे का?

गाडी गिअरची होती. कात्रज ते स्वारगेट हे अंतर सहा-सात किलोमीटरचे, पण सकाळी उड्डाणपुलाच्या कामाने तेव्हा अरुंद झालेल्या कात्रज चौकातून निघून सातारा रस्त्याने स्वारगेट गाठेपर्यंत क्लच किती वेळा दाबला जातो, हे एका सकाळी मोजून पाहिले. आकडा एकशे चाळीसच्या पुढे गेला. मोटारसायकलचा क्लच डाव्या हाताला असतो आणि गिटारचे फ्रेटही डावाच हात दाबतो. दोन्हींत बोटे मिटवणारे स्नायू तेच, कंडरे तेच, बोगदा तोच. वर हँडलची थरथर. संध्याकाळी त्याच रस्त्याने परत, आणि घरी येऊन त्याच दमलेल्या हाताने एफ मेजर. गिटार तासभर वाजवली जात होती, पण मनगट दिवसभर वाजत होते. दुखण्याचा हिशेब मांडताना दिवसातली सगळी कामे धरावी लागतात, हे या अनुभवातून लेखकाला मिळालेले सर्वांत उपयोगी ज्ञान. कणीक मळणे, पिळे घालून कपडे पिळणे, लहान मूल कडेवर घेणे, मोबाइल धरून झोपणे, हे सगळे त्या हिशेबात येते.

उपचार साधे होते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा, सहा आठवडे. झोपेत माणूस मनगट दुमडून घेतो आणि पहाटेच्या मुंग्या त्यातून येतात. पट्ट्याने पहिल्या आठवड्यातच झोप सलग लागली. दोन आठवडे गाडी बंद आणि पीएमपीच्या बसने प्रवास. गाडी पुन्हा सुरू केली ती क्लच वायर बदलून आणि लिव्हरला तेल देऊन; जुनी वायर किती जड झाली होती ते नवी बसवल्यावर कळले. फिजिओथेरपिस्टने बोटांचे काही संथ व्यायाम दिले. पंजा सरळ, मग आकड्यासारखा, मग पूर्ण मूठ: या क्रमाने कंडरे बोगद्यातून मोकळे सरकतात. इंजेक्शन आणि शस्त्रक्रिया हे मार्ग पुढच्या पायरीवर असतात. त्यांची गरज पडली नाही.

वाद्याकडे लक्ष गेले ते यानंतर, आणि खरे तर ते आधी जायला हवे होते. दुखणे जुलैतच का वाढले, याचे अर्धे उत्तर गिटारमध्ये होते. लाकूड दमट हवेत पाणी पिते. कात्रजला घाट लागून आहे, पावसाळ्यात भिंतींनाही ओल येते. अशा हवेत गिटारची वरची पातळ फळी फुगते, तिच्यावरचा ब्रिज उचलला जातो आणि तारा फ्रेटपासून वर जातात. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची साधारण अडीच मिलिमीटर असावी. प्रस्तुत लेखकाच्या गिटारवर ती चार भरली. म्हणजे हात जो जोर लावत होता त्यातला कितीतरी नुसती तार फ्रेटपर्यंत खाली आणण्यात खर्च होत होता. वाद्य दुरुस्त करणाऱ्या काकांनी नेकमधली सळई जुळवली आणि ब्रिजवरची सॅडल घासली. तारेची उंची बाराव्या फ्रेटवर अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावी लागते, म्हणून हे काम घाईचे नाही. त्याहून महत्त्वाचे काम त्यांनी दुसऱ्या टोकाला केले. नट म्हणजे नेकच्या टोकाची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी; तिच्या खाचा स्वस्त गिटारवर पुष्कळदा उथळ सोडलेल्या असतात. पहिला फ्रेट नटच्या अगदी लगत, त्यामुळे खाच उथळ असली की तिथे तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो. आणि एफ मेजर नेमका तिथेच धरायचा. खाचा खोल झाल्यावर तोच कॉर्ड त्याच हाताने, निम्म्याहून कमी कष्टात वाजला. पाच महिने ज्याला हाताचा कच्चेपणा समजले गेले, तो बराचसा वाद्याचा दोष होता. नवशिक्याला विकतानाच गिटार नीट जुळवून दिली गेली पाहिजे, असे लेखकाचे ठाम मत आहे.

तारांचेही गणित आहे. बारा नंबरचा पोलादी तारांचा संच नेहमीच्या स्वरांत लावला की सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास जातो. दहा नंबरच्या संचात तो दहा-पंधरा किलोंनी उतरतो. तार तीच ठेवून स्वर उतरवला तरी फायदा होतो, कारण ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: सगळी गिटार अर्धा स्वर खाली लावली की ताण सुमारे अकरा टक्के कमी. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला की मूळचा स्वर परत मिळतो आणि उंच नटचा त्रासही टळतो. शिवाय फ्रेटमधले अंतर पुढे पुढे आखडत जाते. साडेसहाशे मिलिमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या फ्रेटची जागा साडेछत्तीस मिलिमीटर रुंद, तर पाचव्याची एकोणतीस. बार कॉर्ड पाचव्या फ्रेटवर शिकावा आणि हळूहळू खाली पहिल्याकडे आणावा. पुस्तकांत तो पहिल्या फ्रेटवर आधी येतो एवढ्यासाठी हाताला शिक्षा नको.

बैठक बदलणे सगळ्यात अवघड गेले. लेखक सतरंजीवर मांडी घालून, गिटार उजव्या मांडीवर आडवी घेऊन वाजवत असे. अशा बैठकीत नेक जमिनीला समांतर राहते आणि फ्रेट दिसावेत म्हणून गिटार अंगाकडे कलवली जाते. मग मनगट दुमडण्यावाचून गत्यंतर नसते. शास्त्रीय गिटारवादक डावा पाय छोट्या पाटावर ठेवतात, गिटार डाव्या मांडीवर घेतात आणि नेकचे टोक खांद्याच्या उंचीपर्यंत वर नेतात, त्यामागे शोभेपेक्षा हे कारण मोठे आहे. घरातला बसायचा पाट पायाखाली घेतला तरी काम होते. नेक वर गेली की मनगट आपोआप सरळ येते. अंगठ्याची पकड मोडायला एक अभ्यास उपयोगी पडला: अंगठा नेकपासून पूर्ण काढून, फक्त दंडाच्या वजनाने कॉर्ड मागे ओढून धरायचा. दुसरा अभ्यास जोर मोजण्याचा. बोट फ्रेटला अगदी लगटून ठेवायचे, तार भर्र वाजेपर्यंत सैल सोडायचे, आणि मग आवाज स्वच्छ होईल इतकेच दाबायचे, तिथे थांबायचे. दहा मिनिटे वाजवणे, पाच मिनिटे हात मांडीवर मोकळा ठेवणे, हा क्रम वहीत लिहून पाळला. सप्टेंबरअखेर दिवसाला दहा मिनिटांपासून सुरुवात झाली आणि डिसेंबरमध्ये चाळीस मिनिटे विनातक्रार होऊ लागली.

ज्यांचे मनगट इतके करूनही तारा दाबू देत नाही, त्यांच्यासाठी भारतीय संगीताने एक वाट आधीच काढून ठेवली आहे. गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी सरकवत वाजवण्याच्या पद्धतीत तार फ्रेटपर्यंत दाबावी लागतच नाही. ब्रिजभूषण काबरा यांनी या वाद्यावर रागसंगीत रुजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचीच गिटार आहे. हे दुय्यम वाद्य नव्हे. मींड जितकी त्यावर सुटते तितकी फ्रेटवर सुटत नाही.

एक विकार मात्र वेगळा काढून सांगायला हवा, कारण त्यात दुखत नाही. बोटे वाद्यावर ठेवताच आपोआप आखडतात किंवा वळतात, आणि वाद्य बाजूला ठेवले की नीट चालतात. हा फोकल डिस्टोनिया. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६० च्या दशकात याने निकामी केला आणि कित्येक वर्षे त्यांना डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचनांवर राहावे लागले. अशा हाताला विश्रांती आणि पट्टा पुरत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा लागतो, आणि अधिक सरावाने ते सुधारेल या समजुतीत वेळ घालवू नये.

रात्री मुंग्यांनी जाग येणे, वस्तू हातातून निसटणे, शर्टाचे बटण लावताना बोटांना ते न जाणवणे, यांतले एकही लक्षण दोन-तीन आठवडे टिकले तर गिटार थांबवून हाताच्या डॉक्टरांकडे जावे. मज्जातंतू फार काळ चेपलेला राहिला की अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खपाटीला जातो, आणि एकदा गेलेला तो उंचवटा शस्त्रक्रियेनंतरही बऱ्याचदा पुरता भरून येत नाही.