उभं बॅरल

दसऱ्याला आमच्या बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या गाड्या पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात, तेव्हा इथल्या कारखान्यांत मिल हाऊसची शेवटची जुळवाजुळव चाललेली असते. वंगणाच्या कामात माझी हयात गेली. त्या दिवसांत कुठल्याही कारखान्यात गेलो की मी आधी स्टोअरमागची मोकळी जागा बघतो, मशीन नंतर.

एका कारखान्यात गेल्या सीझनचं हायड्रॉलिक तेल उरलं होतं. 210 लिटरचं बॅरल, मुदत संपायला दोन वर्षं बाकी. ऑइलमन मामांनी हातपंपाची नळी तळापर्यंत सोडली, दोन हात मारले आणि बादलीत ताकासारखं पांढुरकं तेल पडलं. मामांचा चेहराच उतरला. "साहेब, बुच मीच आवळलं होतं. पाणी शिरलं कुठून?"

त्या आवळलेल्या बुचातूनच. उन्हात पत्रा तापला की आतली हवा फुगते आणि बुचाच्या आट्यांतून थोडी बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की बॅरल गार होतं, हवा आकसते आणि बाहेरचं आत ओढते. उभ्या बॅरलच्या माथ्यावर कडेच्या आत पाणी साचलेलं असतं, बुच त्यातच बुडालेलं. पावसाळाभर हेच चालतं. पाणी जड, ते तळाशी बसतं. वरून तेल निर्मळ दिसतं.

बॅरल छपराखाली फळ्यांवर आडवं ठेवायचं, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी. मग आतून तेलाचा दाब राहतो, वॉशर सुकत नाही. एवढ्याशा कामासाठी लाखमोलाची बेअरिंगं जाताना पाहिली की जीव तुटतो.

साध्या खनिज तेलाला साधारण पाच वर्षांची मुदत सांगतात, ग्रीसला त्याहून कमी. पण ती सावलीत, कोरड्या जागी, न उघडलेल्या बॅरलची. ढोबळ हिशेब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तेल जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो. आमच्याकडचा मे महिना आणि वर पत्र्याची शेड! ग्रीसमधून तर तेल सुटतं. डब्यात खड्डा करून ग्रीस काढलं की तेल त्याच खड्ड्यात गोळा होतं. काढल्यावर वरचा थर सपाट करायला हवा.

बंद उभ्या मशीनमधल्या तेलातही असंच पाणी साचतं. 2015 च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. असा टर्बाइन थांबला तरी टाकीतलं तेल अधूनमधून फिरवावं लागतं, तळाचं पाणी काढावं लागतं. नाहीतर आत गंज धरतो.

मामांना मी तव्याची परीक्षा दाखवली. तापल्या तव्यावर थेंब टाकला, चरचर आवाज आला, म्हणजे तेलात पाणी. मामांनी कान जवळ नेला, मग स्वतःच उरलेल्या प्रत्येक बॅरलच्या तळाचा थेंब काढून बघितला. पाचांपैकी दोन बोलली नाहीत. ती दोन छपराच्या कडेला, पागोळ्यांच्या आत होती.