बाहेरचा फेस

फेस दोन जातींचा. एक ग्लासात वर चढतो, तो हवासा. दुसरा नळीच्या सांध्याला साबणाचं पाणी लावलं की फुगून येतो, तो नकोसा. ग्लासगोतल्या माझ्या स्वयंपाकघरात दोन्ही असतात. घरी केलेली बीअर बाटल्यांत न भरता पिंपात ठेवायची आणि नळातून काढायची, हा माझा इथला उद्योग. पण खरा नाद दुसऱ्या फेसाचा, आणि तो बीअरच्या कितीतरी आधीचा आहे.

बेळगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान होतं. दुकानदार ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या घमेल्यात दाबत दाबत फिरवायचा. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ वर यायची. तिथं खूण, मग काचपेपर, सोल्युशन, ठिगळ. पण बरेचदा ट्यूब धड निघायची आणि दोष असायचा व्हॉल्व्ह-ट्यूबचा, म्हणजे व्हॉल्व्हवर ओढून बसवलेल्या त्या चिमुकल्या रबरी नळीचा. म्हणून घमेल्याकडे वळण्याआधी तो बोटाला थुंकी लावून व्हॉल्व्हच्या तोंडावर धरायचा. स्वस्तातलं आधी तपासायचं, ही त्याची रीत. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान काढलं, आणि त्याच वर्षी जॉन बॉइड डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं बेलफास्टमध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. डनलॉप मूळचा एअरशरचा, ग्लासगोच्या अगदी शेजारचा. बेळगावातून निघून मी नेमका त्याच्या मुलखात येऊन पडलो, याची मला अजून गंमत वाटते.

घरात हे खातं आईकडे होतं. नवा सिलिंडर लावला की भांड्यांच्या साबणाचा फेस रेग्युलेटरभोवती आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावून ती वाकून बघत राहायची. काडी ओढून गळती शोधणारे बहाद्दर आमच्या वाड्यात होते. त्यांच्याविषयी ती जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. सिलिंडरमध्ये किती उरलं हे बघायला ती ओलं फडकं त्यावरून फिरवायची. वरचा भाग लवकर वाळतो, आत द्रव आहे तिथवर ओल टिकते. कुकरची सैल पडलेली रिंग फ्रीजरमध्ये ठेवून तिच्याकडून आणखी महिनाभर काम काढणं हीही तिचीच विद्या.

माझी पिंपं मुळात बीअरची नव्हेत. कॉर्नेलियस नावाच्या अमेरिकन कंपनीनं ती शीतपेयांसाठी केली होती. पुढे शीतपेयांचा अर्क खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून जायला लागला, आणि ही एकोणीस लिटरची स्टेनलेसची उभट पिंपं जुन्या बाजारात येऊन आमच्यासारख्यांच्या हाती पडली. ब्रिटनमध्ये घरी बीअर करायला १९६३ पर्यंत परवाना लागायचा. आता स्वतःपुरती केली तर कुणी विचारत नाही, विकायची मात्र नाही. पिंपाला वर दोन तोंडं. एकातून कार्बन डायऑक्साइड आत, दुसऱ्यातून बीअर बाहेर. राखाडी जोड वायूचा, काळा बीअरचा. दोन्ही तोंडांवर रिंग, आतल्या नळ्यांना रिंग, झाकणाला मोठी रिंग. जुनं पिंप आणलं की या सगळ्या बदलाव्या लागतात, नाहीतर रबरात मुरलेला कुठल्याशा संत्र्याच्या पेयाचा वास बीअरला लागतो.

झाकण लांबटगोल असतं. तिरकं करून आत घालायचं, फिरवायचं आणि आतल्या बाजूनं तोंडाला लावायचं. पहिल्यांदा ते हातात घेतलं आणि मनगट आपोआप वळलं. हॉकिन्सचा कुकर! १९५९ साली मुंबईत सुरू झालेल्या त्या कंपनीच्या कुकरचं झाकण असंच आतून बसतं. वाफ जितकी कोंडेल तितकी तीच झाकणाला वर रेटून घट्ट करते. इथंही तेच. हळूच, थोडा थोडा वायू सोडत बसलं तर झाकण नीट बसत नाही, कडेनं फुसफुसतं. आधी तीस पौंडांचा एक दणका द्यायचा, झाकण जागेवर बसलं की दाब उतरवून दहा-बारावर आणायचा. इथल्या बीअरवाल्यांना ही युक्ती शिकवावी लागते. कुकरच्या घरातून आलेल्या माणसाला नाही.

जो वायू मी कोंडू बघतो, त्याची पहिली नीट ओळख करून देणारा जोसेफ ब्लॅक याच शहरात प्राध्यापक होता. बोर्दोतल्या एका मद्यव्यापाऱ्याचा हा मुलगा. १७५६ साली त्याचे चुना आणि मॅग्नेशियावरचे प्रयोग छापून आले, आणि त्याच वर्षी तो ग्लासगो विद्यापीठात रुजू झाला. चुन्याच्या निवळीत हा वायू शिरला की निवळी दुधाळ होते. श्वासातून निघणारा, कोळसा जळताना निघणारा आणि आंबवणातून उठणारा वायू एकच, हे त्यानं त्या दुधाळपणावरून ओळखलं. विद्यापीठ तेव्हा हाय स्ट्रीटवर होतं. त्याच आवारात जेम्स वॉट उपकरणं दुरुस्त करायचा, आणि पुढे त्याची वर्षानुवर्षं पिस्टनच्या कडेनं निसटणाऱ्या वाफेमागे गेली. फट बुजवायला त्यानं कॉर्क, तेलात भिजवलेल्या चिंध्या, जुन्या टोप्या, काय काय कोंबून पाहिलं. त्याच्यापाशी चांगलं रबर नव्हतं, एवढंच.

हाय स्ट्रीटनं वर चढत गेलं की कॅथीड्रल लागतं. तिथल्या आवारात चार्ल्स मॅकिन्टॉश विसावलाय. गॅसच्या कारखान्यातल्या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थामध्ये रबर विरघळवून त्यानं ते दोन कापडांच्या मध्ये लावलं; १८२३ चं पेटंट, आणि ग्लासगोच्या पावसाला आजवर मिळालेलं एकमेव समंजस उत्तर. तिथून जवळच टेनंट्सची वेलपार्क ब्रुअरी, १८८५ पासून लागर करणारी. वायू, रबर आणि बीअर, तिन्ही एका छोट्या फेरफटक्यात. मी पाहुण्यांना ही यात्रा घडवतो. बहुतेकांना त्यातलं तिसरं स्थान आवडतं.

या वायूबाबत एक गोष्ट मात्र मी गमतीवारी नेत नाही. घरगुती गॅसला मुद्दाम घाण वास दिलेला असतो. याला वासच नाही. पबमध्ये दिसतो तो नेहमीचा सिलिंडर ६.३५ किलोचा. तेवढा वायू सुटला तर सुमारे साडेतीन घनमीटर जागा व्यापतो. तीस घनमीटरच्या बंद खोलीत म्हणजे दहा टक्क्यांवर, आणि तेवढ्यात माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. शिवाय हा हवेपेक्षा जड, खाली साचून राहतो. म्हणून माझा सिलिंडर भिंतीतल्या कपाटात नसतो, खिडकीपाशी बांधून उभा असतो. त्याच्या मीटरवर विसंबायचीही सोय नाही: आत द्रव आहे तोवर वीस अंशांना काटा ५७ बारच्या आसपास अडून बसतो, आणि द्रव संपला की एकदम कोसळतो. किती उरलं ते वजनकाट्यावरच कळतं.

खालच्या मजल्यावरचे शेजारी गोवनच्या जहाज कारखान्यात पाइपफिटर होते. माझ्या हातात पांढरी टेफ्लॉन टेप बघून त्यांनी ती काढून खिशात घातली. रेग्युलेटरच्या नटाला आट्यांवर टेप गुंडाळून काही होत नाही. वायू अडवते ती मधली चकती, आटे फक्त तिला दाबून धरतात. हातानं आवळायचं आणि मग पान्यानं थोडंसं, असं त्यांचं म्हणणं. सगळा जोर लावणारी माणसं चकती चिरडतात, गळती वाढते, मग आणखी जोर लावतात. दाबून बसवायच्या प्लास्टिकच्या जोडांचंही तसंच: नळी काटकोनात कापलेली हवी, टोकावर ओरखडा नको. तिरप्या कापाची नळी आतल्या रिंगेला बोचकारते, आणि ती जखम बाहेरून दिसत नाही.

सर्वांत फसवी गळती मात्र मुळात नसतेच. पिंप भरून, सिलिंडर बंद करून झोपावं, आणि सकाळी काटा उतरलेला. सगळे सांधे साबणानं माखावे तर एकही बुडबुडा नाही. वायू बाहेर गेलेलाच नसतो. तो बीअरनं प्यालेला असतो. थंड द्रवात तो जास्त मुरतो. म्हणून दाब टिकतो का हे बघायचं तर पिंप रिकामं हवं.

परवा असंच रिकामं पिंप तपासत होतो. बेळगावहून आईचा व्हिडिओ कॉल आला आणि मी फोन ओट्यावर उभा केला.

“सिलिंडर कशाला रे? तिकडं नळानं गॅस येतो म्हणालास की.”

“हा वेगळा, आई. पेटत नाही.”

“मग काय करतोस त्याचं?”

“सोडा.”

ती थोडा वेळ पिंप बघत राहिली. नळ बघितला, फळीवरचे उंच ग्लास बघितले. माझ्या हातातलं साबणाचं पाणी बघितलं.

“झाकणाची रिंग बदललीस काय?”

“कालच.”

“आणि ती वरची, तोंडाची?”

ती जुनीच होती. नव्या रिंगांचं पाकीट टपालात होतं.

“आधी ती बदल,” म्हणाली. “सोड्याचं मी नंतर बघते.”